जुनी मोटोक्रॉस गाडी घेताना, विकताना: खान्देशातल्या मंडळींसाठी धागा

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. धाकट्या भावासाठी जुनी मोटोक्रॉस गाडी (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यतीला पळवतात ती) बघतोय. तो १९ वर्षांचा आहे. हिरोच्या एक्सपल्स २०० वर शेतात आणि मुरमाच्या टेकाडांवर हात चांगला बसलाय. नाशिकला सुपरक्रॉस पाहून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. बोरी नदीच्या अंगाला आमची थोडी पड जमीन आहे. तिथे जेसीबी लावून उंचवटे आणि वळणं करून द्यायची तयारी आहे.

पुण्यात एक कावासाकी केएक्स २५० आहे, २०२१ चं मॉडेल. मालक ४ लाख ४० हजार म्हणतोय. "फक्त ४० तास चाललीय, इंजिनला हात लावलेला नाही," असं सांगतो. आरसी मागितली तर म्हणाला, या गाड्यांना आरसी नसतेच. वडील म्हणतात, कागद नाही ती गाडी चोरीची. गाडीत काय बघू, किती देऊ आणि वडिलांना काय सांगू? सविस्तर लिहिलंत तरी चालेल, आम्हाला यातलं काहीच माहीत नाही.

पांझरा_गॅरेज (धुळे)

भाऊ, सविस्तरच लिहितो. घाईत घेतलेल्या अशा गाड्या नंतर माझ्याकडेच येतात आणि पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

आधी "४० तास" चं बघू. या गाड्यांना किलोमीटरचा काटा नसतो. वय तासांत मोजतात, आणि तासांचा मीटर बहुतेक वेळा मागाहून चिकटवलेला असतो. जुना काढून नवा लावायला पाच मिनिटं लागतात. म्हणून मीटरपेक्षा गाडीला विचारायचं. फूटपेगचे दात किती झिजलेत, बुटाच्या घासण्याने फ्रेमचा रंग कुठवर गेलाय, गिअरचा लिव्हर गुळगुळीत झालाय का, मागच्या डिस्कला कड आलीय का, चेनकिट कंपनीचंच आहे का, हे बघा. ४० तासांच्या गाडीला तिसरं चेनकिट बसलेलं असेल तर मालकाला शांतपणे कारण विचारा.

दुसरं, केएक्स २५० ला बटणस्टार्ट २०२१ पासून आला. "२०२१ चं मॉडेल" म्हणून दाखवलेल्या गाडीला किक असेल तर गाडी आधीची आहे, पुढे बोलूच नका.

आता मुख्य गोष्ट. गाडी थंड हवी. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनच्या हेडला (सिलेंडरच्या वरच्या भागाला) हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण ती थंड होईपर्यंत थांबा. या चार-स्ट्रोक इंजिनांचे इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे) टायटॅनियमचे असतात. हलके असतात, पण वरचा कडक थर एकदा घासला की झपाट्याने झिजतात. झिजले की आपल्या बसायच्या जागेत (व्हॉल्व्ह सीटमध्ये) वर सरकत जातात आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीकशी जागा, कमी होते. अशी गाडी गरम असताना लगेच चालू होते, थंड असताना बटण दाबून दाबून बॅटरी उतरते. मालक गाडी आधीच तापवून ठेवतो तो याच कारणाने. टॅपेटची फट शेवटची कधी मोजली, शिम (ती फट जुळवायच्या चकत्या) कधी बदलल्या, हे विचारा. ज्याने गाडी सांभाळलीय त्याच्या वहीत ते लिहिलेलं असतं.

व्हॉल्व्ह झिजतात कशाने? धुळीने. आपल्याकडे तर हे दुप्पट लागू आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा पिठासारखा होतो, फोमच्या फिल्टरला तेल नीट लागलेलं नसेल तर आरपार जातो. सीट काढा, फिल्टर काढा आणि फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं मळलं तर इंजिनाने धूळ खाल्लीय. मग स्टिकर कितीही नवे असोत, गाडीची किंमत इंजिन खोलायचं आहे असं धरूनच करायची.

बाकीचं थोडक्यात सांगतो. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक वर-खाली हलवा. खट्ट आवाज आला तर लिंकेजचे (मागच्या शॉकअपच्या जोडाचे) बेअरिंग गेलेत. पुढचं चाक धरून कोनसेट (हँडलचे बेअरिंग) तपासा. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नको. आरे एकेक करून वाजवा, ढिला आरा लगेच कळतो. फ्रेमला फूटपेगच्या जोडाजवळ आणि हँडलच्या हेडपाशी तडा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर परत फिरा. रेडिएटर दाबला गेलाय का ते बघा. इंजिनचं तेल मालकाच्या समोर काढा, त्यात चुंबक फिरवा. बारीक काळपट लेप चिकटला तर चालतं, चमकणारे तुकडे चालत नाहीत. तेल दुधाळ असेल तर पाणी आत शिरतंय.

सातपुडा४५० (शिरपूर)

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजायची) राहिली ना पांझराभाऊ.

पांझरा_गॅरेज (धुळे)

मुद्दाम नाही लिहिली. या इंजिनांत स्टार्ट सोपा व्हावा म्हणून कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेशन असतं, त्यामुळे साध्या गेजवर आकडा कमीच येतो आणि चांगली गाडीही खराब वाटते. लीक-डाउन टेस्ट करा. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, ठेवून सिलेंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते ऐकायचं. एअरबॉक्सच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पुण्यात ही टेस्ट करून देणारी गॅरेजेस आहेत. मालक नको म्हणाला तर तेच त्याचं उत्तर समजा.

वकीलताई_जळगाव

बोरीकाठ दादा, वडिलांची शंका रास्त आहे. पण मालकही खोटं बोलत नाहीये. केएक्स, सुझुकीच्या आरएम-झेड, केटीएमच्या एसएक्स या गाड्या फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी विकल्या जातात. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे काही नसतं, त्यामुळे आरटीओत नोंदणी होत नाही. एमएच १९ काय नि एमएच १८ काय, कुठलीच पाटी मिळणार नाही. मालकी सिद्ध होते ती बिलावरून.

शोरूममधून घेतलेली असेल तर पहिल्या मालकाच्या नावाचं जीएसटी बिल हवं, त्यावर चेसी आणि इंजिन नंबर हवेत. कुणी स्वतः आयात केलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती हवी. मधे दोन मालक झाले असतील तर प्रत्येक विक्रीचा कागद हवा. साखळीतली एक कडी जरी गायब असली तरी गाडी घेऊ नका. चेसी नंबर फ्रेमवर हँडलच्या हेडपाशी कोरलेला असतो, तो बिलाशी स्वतः पडताळा. खाडाखोड किंवा ताजा रंग दिसला तर तिथेच थांबा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत चेसी किंवा इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का हेही पाहता येतं.

विक्रीचा करार मुद्रांकावर करा. दोन्ही नंबर, रक्कम, तारीख, वेळ आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती हव्यात. पैसे बँकेतून द्या. रोख देऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असो.

आता हे भावाला समजावून सांगा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ म्हणतं की नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते. नदीचं पात्र, शिवरस्ता, गायरान, कुठेच सूट नाही. तुमची स्वतःची कुंपण घातलेली पड जमीन, तिथे ठीक. घरापासून शेतापर्यंतसुद्धा गाडी पिकअपमध्ये घालूनच न्यायची. नोंदणी नाही म्हणून थर्ड पार्टी विमा नाही, आणि कुणाला धडक बसली तर सगळी भरपाई घराच्या खिशातून जाते. आपल्या भागात हे फार हलक्यात घेतलं जातं, म्हणून एवढं जोर देऊन लिहिते आहे.

सातपुडा४५० (शिरपूर)

ताईंच्या बोलण्यात भर घालतो. यावल अभयारण्य, अनेर धरणाचं अभयारण्य, लळिंगचं कुरण, इकडे गाडी घेऊन जायचा विचारही नको. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, गाडी जप्त होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथल्या जनावरांना आपल्या सायलेन्सरचा त्रास का द्यायचा?

तोरणमाळवाट (नंदुरबार)

मला वेगळंच सांगायचंय. १९ वर्षांच्या मुलाला केएक्स २५० नको. जेमतेम १०५-११० किलोची गाडी, ४० च्या आसपास हॉर्सपॉवर, सीट जवळजवळ ९५० मिलिमीटर उंच. एक्सपल्सच्या दुपटीहून जास्त ताकद आणि वजन तिच्या दोन-तृतीयांश. एक्सपल्स २०० फोर व्ही ची प्रो आवृत्ती जुनी मिळते, पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हल (शॉकअप दबायची लांबी) आहे, आरसी आहे, विमा आहे, सुटे भाग शहाद्यातही मिळतात. तोरणमाळचा घाट चढून जाता येतं. मोटोक्रॉस गाडीचा पिस्टन बाहेरून मागवायचा म्हटलं की महिना गेला.

सातपुडा४५० (शिरपूर)

तोरणमाळभाऊ, तुमचा मुद्दा फिरायला जाणाऱ्यासाठी बरोबर आहे. उडी मारणाऱ्यासाठी नाही. एक्सपल्स दीडशे किलोच्या पुढची गाडी. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून) सपाटीला उतरली तर शॉकअप तळाला आपटतो, तो दणका थेट पोराच्या मनगटाला आणि पाठीला बसतो. मोटोक्रॉस गाडीला दोन्हीकडे ३०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल असतं, ते याच कामासाठी. पोराला स्पर्धेत उतरायचं असेल तर ज्या गाडीवर उतरणार तीवरच सराव हवा.

देशात आता उतरायला जागाही आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सुरुवात जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झाली. सी. एस. संतोष २०१५ ला डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, त्यांचीही सुरुवात मोटोक्रॉसपासूनच. हरिथ नोहने २०२४ ला डकारमध्ये मोटारसायकलींचा रॅली २ वर्ग जिंकला, तोही सुपरक्रॉसमधूनच वर आला. खान्देशातलं पोर त्या वाटेने गेलं तर मला फार आनंद होईल.

तोरणमाळवाट (नंदुरबार)

स्पर्धेचं ठरलेलं असेल तर माझा विरोध नाही. पण मग बजेटमधून आधी बूट, गुडघ्याचे ब्रेस, छातीचं कवच, नेक ब्रेस आणि चांगलं हेल्मेट बाजूला काढा, उरलेल्या पैशात गाडी घ्या. गाडी आधी घेतली की साहित्य पुढच्या महिन्यावर जातं. आणि सरावाला एकट्याला सोडू नका. बांधावर चारचाकी उभी आणि ती चालवणारा माणूस हवाच.

केळीबाग (रावेर)

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझ्याकडे केएक्स १०० आहे, टू-स्ट्रोक. मुलगा उंच झाला, गाडी लहान पडते. विकायचीय. पिस्टन नवा घालून विकू की आहे तशी? आणि भाव कसा ठरवू? जाहिरात टाकली तर पहिलाच फोन "मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी न बघता घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" असा आला. मी फोन ठेवला.

वकीलताई_जळगाव

केळीबाग दादा, बरं केलंत. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. त्या नंबरची तक्रार सायबर हेल्पलाइन १९३० वर करून ठेवा, दुसरं कुणी तरी वाचेल.

जाता जाता एक्सपल्स किंवा इम्पल्ससारखी आरसीची गाडी विकणाऱ्यांसाठी: नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी देऊन टाकली की काम झालं, असं समजू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईला आरसीवरचा मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पांझरा_गॅरेज (धुळे)

केळीबाग भाऊ, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन-रिंग घालून विका. काम सोपं, खर्च आवाक्यातला, आणि घेणाऱ्याला धीर येतो. पण जुना पिस्टन फेकू नका. डब्यात ठेवा, बिलाबरोबर दाखवा. त्याच्या बाजूवरचे ओरखडे बघून घेणारा समजून जातो की गाडीने धूळ खाल्ली होती की नाही. चार-स्ट्रोकला मात्र उलट सांगेन. विकण्याआधी घाईत बांधलेलं इंजिन, बिलाशिवाय, म्हणजे ग्राहकाला भीतीच. ते आहे तसं विकावं, भावात सूट द्यावी.

भावाचं असं आहे. नवीन गाडीच्या किमतीची टक्केवारी लावून हिशोब करू नका. इंजिनच्या कामाचं कोटेशन घ्या, टायर, चेनकिट, फोर्क सील, सगळ्याचं घ्या. तशी चांगली गाडी बाजारात ज्या किमतीला विकली जाते त्यातून तेवढं वजा करा, तोच भाव. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे जुन्या बिलावरचा आकडा दाखवून कुणी अडून बसलं तर ते धरू नका. ४५० वाल्यांचं उलटं झालंय, तिथे कर ४० टक्के झाला.

फोटो टाकताना चमकणारी बाजू एक आणि झिजलेल्या बाजू चार टाका. फ्रेमच्या खालच्या नळ्या, एअरबॉक्स, चेनकिटचे दात, घासलेला क्लच कव्हर. फालतू फोन कमी येतात आणि येणारा माणूस घ्यायच्या तयारीने येतो. टेस्ट राइड द्यायची तर पूर्ण रक्कम हातात किंवा खात्यात, हेल्मेट डोक्यात, आणि जागा स्वतःच्या शेतात.

एक शेवटचं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जेट बुजतात. मग ग्राहकासमोर गाडी चालूच होत नाही.

बापू_साक्री

हाऊ सौदा घाईमा करू नका भो. सारंगखेडाना बजारमा घोडा लेवाना येले लोके दात देखतस, चाल देखतस, खूर उचलीसन देखतस, मंग पैसानी गोट काढतस. गाडीनं बी तसंच शे. मालकनं तोंड देखू नका, गाडीना चिमटा देखा.

बोरीकाठ (अमळनेर)

बापू, तुमचं वडिलांना वाचून दाखवलं. ते आमच्याबरोबर पुण्याला यायला तयार झाले.

एक शंका. मालकाने सांगितलं ही गाडी एका स्पर्धकाची होती, त्याच्याकडून याने घेतली. स्पर्धेतली गाडी टाळावी म्हणतात. खरं का?

सातपुडा४५० (शिरपूर)

माझं मत उलटं आहे. स्पर्धक गाडी जोरात चालवतो, पण दर काही तासांनी तेल बदलतो आणि प्रत्येक सरावानंतर फिल्टर धुतो, कारण शर्यतीत बंद पडलेली गाडी त्यालाच महागात पडते. घातक तो मधला मालक, जो महिन्यातून एकदा मित्रांना फिरवायला गाडी काढतो, धुवून ठेवतो आणि फिल्टर उघडतच नाही. पहिल्या मालकाची वही मागा. नंतरच्या काळात काय केलं तेही विचारा.

पांझरा_गॅरेज (धुळे)

सहमत. आणि उन्हाचंही विचारा. या गाड्यांच्या रेडिएटरला पंखा नसतो, गाडी पळत असेल तरच थंड राहते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. त्या उन्हात उभी करून रेस करत ठेवली की कूलंट उकळून बाहेर येतं आणि हेड वाकायला सुरुवात होते. कूलंटच्या टोपीच्या आसपास वाळलेले डाग दिसतात का बघा.

बोरीकाठ (अमळनेर)

पुण्याहून आलो. सगळं जसंच्या तसं लिहितो.

गेलो तेव्हा हेड गरमच होतं. थांबलो, संध्याकाळपर्यंत. मालकाला ते फार रुचलं नाही, पण त्याने नाही म्हटलं नाही. थंड झाल्यावर बटण बराच वेळ दाबावं लागलं. फिल्टरमागच्या नळीत फडकं फिरवलं, त्यावर तपकिरी रेघ आली. तिथून आम्ही सरळ बोलायला सुरुवात केली. लीक-डाउन करायचा आग्रह धरला आणि दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये मालकाच्या समोरच करून घेतली. हवा एअरबॉक्सकडून सुटत होती. रिंगा आणि गॅस्केट ठीक निघाले. फ्रेम, लिंकेज, फोर्क सगळं चांगलं.

कागद मात्र पक्के होते. पहिल्या मालकाचं शोरूमचं बिल, मग या मालकाशी झालेला करार, दोन्ही नंबर जुळले. वडिलांनी स्वतः चष्मा लावून चेसी नंबरचा एकेक आकडा वाचला.

गॅरेजकडून व्हॉल्व्ह, सीट आणि शिमच्या कामाचं कोटेशन घेतलं, ते टेबलावर ठेवलं आणि ३ लाख ३५ हजार म्हटलं. मालक ३ लाख ५० वर थांबला. दिले. बँकेतून. करार केला, वकीलताईंनी सांगितलेली वेळही त्यात लिहिली.

पांझरा_गॅरेज (धुळे)

चांगला सौदा केलात. आता भावाला दोन आठवडे धीर धरायला सांगा. हेड उघडल्याशिवाय एक चक्करसुद्धा नको, झिजलेला व्हॉल्व्ह तुटून खाली पडला तर पिस्टन, हेड, सगळंच जातं. काम करताना व्हॉल्व्हची सीट कापून घ्यायचीच. जुन्या, खड्डा पडलेल्या सीटवर नवा टायटॅनियमचा व्हॉल्व्ह बसवला तर तोही तसाच लवकर जातो. आणि फिल्टर निदान तीन घ्या. एक गाडीत, एक तेल लावून पिशवीत, एक धुऊन वाळत. आपल्या फुफाट्यात एका फिल्टरवर भागत नाही.

केळीबाग (रावेर)

माझी केएक्स १०० ची बोलणी चोपड्याच्या एका कुटुंबाशी चाललीत. जुन्या पिस्टनचा डबा बघून त्यांनी पुढचं विचारलंच नाही, थेट भावावर आले. बोरीकाठ भाऊ, पुण्याहून गाडी आणली कशी? मला चोपड्याला पोचवायचीय.

बोरीकाठ (अमळनेर)

छोट्या हत्तीत. टाकी रिकामी केली, पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्या मधे लाकडाचा ठोकळा घातला, मग दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले. ठोकळा नसेल तर फोर्क दबून राहतो आणि सील फुटतात, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. बिलाची आणि कराराची प्रत ड्रायव्हरच्या हातात दिली होती. वाटेत एकदा पोलिसांनी थांबवलं, कागद बघितले आणि सोडलं.